काहींनी मानली, काहींनी मानली नाही

निवृत्त माणूस लिहायला बसला की त्यानं आयुष्यभर गाव वाचवलेलं असतं. राजेंद्रनगरात संध्याकाळी बाकावर बसणारे आम्ही पाच-सहा जण आहोत, आणि आमच्यातल्या प्रत्येकानं इंदूर एकेकदा तरी वाचवलं आहे. एकानं पटकीपासून, एकानं दंग्यापासून, एकानं वीज कंपनीच्या अंधारापासून. मी पुरापासून वाचवलं असं बाकीचे धरून चालतात, कारण इथे मध्य भारत नावाचं राज्य होतं त्या काळात मी खान नदीच्या एका पुलावर पाणी मोजायच्या कामाला होतो. हा समज मी इतकी वर्षं खोडला नाही. संपादकांनी 'तुमच्या खात्यातले अनुभव लिहा' असं सांगितल्यावर म्हटलं, आता खोडून टाकू.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण ते इतकं सोपं होतं की लोकांचा विश्वास बसत नाही. पुलाच्या एका दगडी खांबावर फूट आणि इंच रंगवलेली पट्टी होती. पाणी कुठवर आलं ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. एरवी दिवसातून दोनदा, पावसाळ्यात दर तासाला. पट्टीवर वरच्या अंगाला एक लाल रेघ होती. पाणी त्या रेघेला टेकलं की धोका, त्याच्या खाली असेल तर धोका नाही. नदीला हा नियम कुणी कळवला होता की नाही, मला ठाऊक नाही.

याखेरीज एका सरकारी आवारात पाऊस मोजायचं भांडं होतं. वर नरसाळं, आत बाटली. त्या आवाराचा चौकीदार एका उन्हाळ्यात रोज सकाळी त्या नरसाळ्यावर हात-तोंड धुवायचा. वैशाखात इंदूरला रोज थोडाथोडा पाऊस पडतो अशी नोंद दोन आठवडे वर जात होती. वरून एकदाही विचारणा झाली नाही. कोरडा वैशाख आणि ओला वैशाख आमच्या खात्याला सारखाच. रकाना रिकामा नसला म्हणजे झालं.

'वर' म्हणजे कुठे, हाही एक प्रश्नच होता. तेव्हा राज्याला दोन राजधान्या. काही महिने इंदूर, काही महिने ग्वाल्हेर. दफ्तरं पेट्यांत भरून इकडून तिकडे जायची. इंदूरची तक्रार ग्वाल्हेरला पोचायची तेव्हा साहेब इंदूरला निघालेले, आणि साहेब इंदूरला आले की तक्रार ग्वाल्हेरच्या पेटीत. होळकरशाहीत निदान शिव्या तरी इथल्या इथे बसायच्या, असं आमचे वडील म्हणत. ते त्याच दरबाराच्या नोकरीत केस पांढरे केलेले. मला ही नोकरी लावून देताना म्हणाले होते, "पाणी मोजण्यात कसली जबाबदारी? पाणी आपोआप वाढतं, आपोआप उतरतं."

आमच्याकडे गिऱ्हाइकंही यायची. एखाद्या वर्षी पूर येऊन गेला की जिथवर पाणी चढलं तिथे भिंतींवर आम्ही गेरूची खूण करायचो. पुढच्या वेळी लोकांना अंदाज यावा हा हेतू. मल्हारगंजातले एक शेठजी होते, त्यांचं एक गोदाम नदीच्या बाजूला. खूण केली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात हजर. "भिया, ये निशान हटवाओ. किरायेदार भाग रिया हे." मी म्हटलं, पाणी तर इथवर आलं होतं. शेठजी शांतपणे म्हणाले, "आया था, चला गया. निशान काय को बैठा हे?" आमच्या साहेबांना हा युक्तिवाद पटला. खूण पुसली, वर चुना फासला. पाठोपाठ आणखी चार पक्क्या घरांतून अर्ज आले, त्यांच्याही पुसल्या. एका पावसाळ्याच्या आत त्या किनाऱ्यावरचा पूर आम्ही कुंचल्यानं उतरवला.

एकच अर्ज उलटा आला. अर्ज म्हणजे तोंडी. गेंदाबाई धोबीण ऑफिसच्या पायरीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साब, हमारे यां निशान नी लगाया. सबके यां लगा के गए, हमारी बस्ती छोड़ दी." पुलाच्या खालच्या अंगाला धोब्यांची पंधरा-वीस घरं होती, मातीच्या भिंतींची. त्या भिंती पुरात विरघळून गेल्या होत्या. खूण करायची कशावर? मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "तो नीम पे लगा दो." मी वस्तीतल्या कडुलिंबाच्या झाडावर खूण केली. माझ्या सगळ्या नोकरीत नागरिकानं मागितलेली खूण तेवढी एक.

गेंदाबाई तेव्हा चाळिशीची असेल. नवरा गेलेला, सासरा अर्धांगानं खाटेवर. वस्तीत पुरुष बरेच होते, पण शब्द हिचा चाले. आमच्या घरचे कपडेही तिच्याकडेच होते. हिशेब कधी चुकला नाही, बटण कधी तुटलं नाही.

त्याच किनाऱ्यावर, धोबीघाटापासून हाकेच्या अंतरावर, दादासाहेब निगुडकर राहायचे. होळकर दरबाराच्या दफ्तरखान्यातून निवृत्त झालेले. दगड-मातीचं जुनं बैठं घर, पुढे ओटा, मागे परसदार थेट नदीला लागलेलं. मुलगी कुसुम उज्जैनला दिलेली. घरात ते आणि काकू. रोज सकाळी छत्री घेऊन गुडघा सांभाळत ते पुलावर यायचे आणि मला विचारायचे, "मोघे, आजचं वाचन?" मी सांगायचो. ते घरी जाऊन आपल्या डायरीत उतरून ठेवायचे. इंग्रजी मसुदा कसा लिहावा हे मला त्यांनीच शिकवलं. "लेखी असेल ते खरं," असं म्हणायचे. हा माणूस मूर्ख नव्हता. चाळीस वर्षं कागद सांभाळून त्याचा कागदावर विश्वास बसला होता, आणि त्या कागदाच्या पलीकडच्या टोकाला मी आहे याचं त्यांना समाधान होतं.

आता मूळ गोष्ट. गावाच्या वरच्या अंगाला एक तलाव होता, मातीची पाळ घातलेला. तलाव भरला की जादा पाणी निघून जायला बाजूला दगडी सांडवा असतो. मातीच्या पाळीवरून पाणी जाऊ लागलं की पाळ चिरत जाते आणि फुटते. म्हणून सांडवा मोकळा हवा. एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. पण त्या तलावाचा मासळीचा ठेका एका माणसानं घेतला आणि मासे वाहून जातात म्हणून सांडव्याच्या तोंडाला लोखंडी जाळी मारून घेतली. खात्याच्या परवानगीनं. पहिल्याच पावसात जाळीला पालापाचोळा, शेवाळ, काटक्या अडकून ती भिंतीसारखी झाली.

हे मला आधी कळलं नाही. गेंदाबाईला कळलं, कारण तिची बहीण तलावाकाठच्या खेड्यात दिली होती. ती पुन्हा ऑफिसात आली. या वेळी मी तिला आठल्ये साहेबांपुढे नेलं. आमचे सबडिव्हिजनचे साहेब, चांगल्या घरातले, शुद्ध मराठी आणि त्याहून शुद्ध इंग्रजी. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम लोग नदी के किनारे रहते ही क्यों हो?"

गेंदाबाई म्हणाली, "साब, धोबी नदी पे नी रेगा तो कां रेगा? टेकरी पे?"

शिपाई हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प झाला. मला रिपोर्ट लिहायला सांगितलं. मी लिहिला. चांगला लिहिला, दादासाहेबांनी शिकवला होता तसा. तो ग्वाल्हेरला गेला, कारण जाळीची परवानगी तिथून होती. महिन्यानं उत्तर आलं की ठेकेदाराचं म्हणणं मागवलं आहे. मी फाइलला लावलं आणि माझं कर्तव्य संपलं. मला त्या महिन्यात झोप उत्तम लागत होती, हे मुद्दाम नोंदवतो.

गेंदाबाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. एकदा कपडे द्यायला आली तेव्हा तिनं मला विचारलं, "मोघेजी, पाल फूटी तो पानी हम तक कित्ती देर में आएगा?" मी म्हटलं, ते गणित मोठं असतं, शिवाय असल्या गोष्टी आम्हांला बाहेर सांगता येत नाहीत. खरं म्हणजे ते गणित खात्यात कुणी केलेलंच नव्हतं. तिनं मान हलवली आणि गठ्ठा उचलून गेली.

पुढे काय केलं ते मला पुलावरून दिसलं. एका सकाळी घाटावर दोन बायका पाण्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. कपडे धूत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. मी हटकलं तर म्हणाल्या, तुंब्याची वाट बघतोय. गेंदाबाईच्या तलावाकाठच्या बहिणीनं गिरणीच्या सकाळच्या भोंग्याला सांडव्याखाली वाळके दुधी भोपळे सोडले होते, चिंध्या बांधून. ते घाटाशी कधी येतात हे या मोजत होत्या. पुढच्या भोंग्याच्या आधी आले. गेंदाबाई म्हणाली, "अभी तो नदी शांत हे. बाढ़ में आधा समझो." तिनं अर्ध्याचाही अर्धा धरला आणि तेवढ्या वेळात वस्ती रिकामी करायची असं ठरवलं.

मग तयारी. नदीकाठानं तलावापर्यंत धोब्यांचे, कुंभारांचे, माळ्यांचे नातेवाईक होते. त्यांना सांगून ठेवलं, पाळीवरून पाणी जाताना दिसलं की परात बडवायची. एकाची परात ऐकली की दुसऱ्यानं आपली बडवायची, ती खालपर्यंत. वस्तीत कुठल्या म्हाताऱ्याला कोण उचलणार, कुठल्या गाढवावर कुणाच्या गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं ठरलेलं. सासऱ्याच्या खाटेला चार माणसं नेमलेली. चढावावर कापसाच्या जिनिंगचं एक जुनं बंद आवार होतं, त्याच्या चौकीदाराशी बोलणी झाली. त्याचे कपडे वर्षभर फुकट धुवायचे आणि वेळ आली की त्यानं फाटक उघडायचं. दोनदा तर त्यांनी नुसती तालीम केली. गाढवं, खाट, पोरं, गठ्ठे घेऊन सगळी वरात भर दुपारी चढावर गेली आणि परत आली. पुलावरून लोक हसत होते. "भिया, बिना पानी के बाढ़ आ गई!" मीही हसलो. दादासाहेब माझ्या शेजारी छत्री टेकून उभे होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "शिस्त आहे हो त्यांच्यात. पण यांना सांगितलं कुणी? अधिकार काय यांचा?"

श्रावणात दोन दिवस पाऊस लागून राहिला. मुसळधार नव्हे, पण न थांबणारा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुलावर होतो. नदी गढूळ, फुगलेली, पण लाल रेघेच्या हातभर खाली. काकू कुसुमच्या बाळंतपणासाठी उज्जैनला गेलेल्या. दादासाहेब घरी एकटे. दीडच्या सुमाराला मी वाचन लिहिलं आणि वरच्या अंगानं परातीचा आवाज आला. लांबून, मग जवळून, मग अगदी पलीकडच्या काठावरून. ठण्, ठण्, ठण्.

वस्ती उठली. मी अनेक सरकारी कवायती पाहिल्या आहेत, मंत्र्यांच्या स्वागताच्याही. इतकी नीट एकही नाही. आरडाओरडा नाही. खाट उचलली, गाढवं निघाली, बायकांच्या डोक्यावर गठ्ठे. गेंदाबाई शेवटी. पुलाजवळून जाताना वर बघून ओरडली, "मोघेजी, चलो! पाल से पानी जा रिया हे! सबको बोलो!"

मी पट्टीकडे पाहिलं. पाणी रेघेच्या खाली होतं.

नियम असा होता की रेघेला पाणी टेकलं तर, नाहीतर पाळीवरच्या चौकीतून निरोप आला तर सूचना द्यायची. आणि तीही साहेबांच्या हुकमानं. पाळीवरच्या चौकीचा टेलिफोन पावसात नेहमी बंद पडायचा. मी पुलावरच्या शिपायाला सायकलवरून ऑफिसात पिटाळलं होतं, पहिली परात ऐकल्याबरोबर. तेवढं तरी केलं. तो चिठ्ठी घेऊन परत आला. साहेबांचं वळणदार अक्षर: खात्री होईपर्यंत कोणतीही सूचना देऊ नये, लोकांत विनाकारण घबराट पसरवू नये.

गेंदाबाई तोवर दादासाहेबांच्या ओट्यावर चढून दार ठोकत होती. त्यांचे कपडे ती वर्षानुवर्षं धूत होती. दादासाहेब बाहेर आले. मी पुलाच्या टोकाशी होतो, मधे वीस-पंचवीस पावलं. सगळं ऐकू येत होतं.

"दादासाब, चलो. हमारे साथ चलो. पाल फूट री हे."

"बाई, थांबा जरा. मोघे आहेत ना पुलावर." आणि मग माझ्याकडे वळून, आवाज चढवून, "मोघे! अधिकृत सूचना आहे का?"

माझ्या हातात ती चिठ्ठी होती. भिजून शाई उतरायला लागली होती.

"अजून नाही, दादासाहेब."

"मग ठीक. आली की कळवा."

त्यांनी गेंदाबाईला नमस्कार केला, मराठी माणूस धोबिणीला करत नाही तसा, नीट वाकून. आणि आत गेले. दार लावल्याचा आवाज आला. गेंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं. वस्तीचं शेपूट चढावर दिसेनासं होत होतं. ती पळत त्याच्यामागे गेली.

मी काय करत होतो? पाणी बघत होतो. मनात म्हणत होतो, रेघेला टेकलं की पहिला दादासाहेबांकडे जाईन. रेघेला टेकायला वेळ लागतो, इंच-इंच चढतं, अशी माझी सवय. त्या दिवशी पाणी इंच-इंच आलं नाही. वरून आधी आवाज आला, मालगाडी जवळ यावी तसा. मग वळणावर तपकिरी पाण्याचा एक उंचवटा दिसला, त्यात अख्खं झाड उभं. मी पुलाच्या उंच टोकाकडे पळालो. मागे वळून पाहिलं तेव्हा पट्टी नव्हती. खांब नव्हता. पुलाच्या कठड्यावरून पाणी जात होतं. दादासाहेबांच्या घराचं कौलारू छप्पर थोडा वेळ पाण्यावर दिसलं, मग मागच्या बाजूनं बसलं.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर ते माजघरात सापडले. फडताळाशी. डायऱ्या वरच्या फळीवर ठेवत असावेत. त्यातल्या चार-पाच वरच राहिल्या होत्या, भिजून फुगलेल्या.

त्या पुरात इतर पक्क्या घरांतूनही माणसं गेली. चुना फासलेल्या गोदामात शेठजींचा भाडेकरू होता. त्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही, त्याची मुलं अजून गावात आहेत. धोब्यांच्या वस्तीत एक भिंत उरली नाही आणि एक माणूस दगावलं नाही. एक गाढवही नाही.

आता आमच्या खात्याची हुशारी बघा. चौकशी होणार हे ठरलं. आठल्ये साहेबांनी मला बोलावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी ओव्हरसिअर, त्यांच्यासमोर त्याआधी कधी बसलो नव्हतो. रजिस्टर त्यांच्यापुढे उघडं होतं. दीडच्या वाचनाखाली जागा कोरी होती.

"मोघे," ते म्हणाले, "धोबी लोक वेळेत बाहेर पडले. बरोबर?"

"हो साहेब."

"म्हणजे सूचना मिळाल्याशिवाय पडले नसतील. तुम्ही पुलावर होता. तुम्ही सूचना दिली असणार. अशा वेळी लिहायचं राहून जातं, समजू शकतो मी." मग आवाज उतरवून, "तुमचं लग्न ठरलंय ना मार्गशीर्षातलं?"

मजकूरही त्यांनीच सांगितला. मी माझ्या अक्षरात लिहिला: 'किनाऱ्यावरील रहिवाशांस तोंडी सूचना दिली. काहींनी मानली, काहींनी मानली नाही.' त्यांची चिठ्ठी त्यांनी परत मागून घेतली. मी दिली.

वाक्य किती चांगलं होतं पाहा. गेंदाबाईची माणसं जगली, हा आमच्या सूचनेचा पुरावा झाला. दादासाहेब मेले, तो त्यांचा हट्टीपणा झाला. चौकशी आठवड्यात आटोपली. जाळीचा उल्लेख आला नाही, कारण जाळी वाहून गेली होती. पुढे ग्वाल्हेरहून खात्याच्या तत्परतेबद्दल समाधान व्यक्त करणारं पत्र आलं. त्याची एक नकल माझ्या सर्व्हिस बुकात लावली. बढती मला त्यानंच मिळाली.

मदत वाटप एका शाळेच्या पटांगणात होतं. यादी करायला मलाच बसवलं. गेंदाबाईचा नंबर आला तेव्हा माझ्याशेजारी बसलेल्या तहसिलीतल्या कारकुनानं रजिस्टरच्या उताऱ्यावर बोट ठेवलं. "तुम लोगों को तो खबर मिल गई थी. सामान निकालने का टाइम मिला. तुम्हारा कुछ बहा नहीं."

"घर बह गया," ती म्हणाली.

"कच्चा था. बर्तन-भांडे हैं ना? आदमी हैं ना?"

"तो अगली बार डूब के आएँ?"

कारकुनानं पुढच्याला हाक मारली. ती बाजूला झाली, पण गेली नाही. माझ्यासमोर उभी राहून तिनं विचारलं, "मोघेजी, हमको खबर किसने दी थी? क्या लिखा हे इसमें?"

मी कागद सारखे करत राहिलो. ती समजली. हसली, तेही दात दाखवून, मोठ्यानं. "लिख दो, भिया, लिख दो. तुमारी नोकरी नदी में नी जानी चिये."

त्या आठवड्यात आमच्या घरचा गठ्ठा आला. पुराच्या आधी दिलेले कपडे, तिनं गाढवावर घालून वाचवलेले. धुतलेले, इस्त्री केलेले, एकही कमी नाही. घेऊन आलेला तिचा दीर आईला म्हणाला, "भाभी ने बोला हे, अब दूसरा धोबी देख लो." आईनं कारण विचारलं. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि निघून गेला. त्या वस्तीनं पुढे स्वतःच घरं बांधली, पहिल्यापेक्षा वीस हात वर. जमीन कुणाची याची नोटीस खात्यानं त्यांना लगेच पाठवली. त्या कामात दिरंगाई झाली नाही.

हे सगळं एकवेळ गिळता येतं. खात्यात राहिलेली माणसं याहून मोठ्या गोष्टी गिळतात आणि वर बडीशेप खातात. मला गिळता आल्या नाहीत त्या काकू.

उज्जैनहून आल्या तेव्हा मी भेटायला गेलो. नातेवाइकाकडे उतरल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "मोघे, तुम्ही होता तिथे. यांना कुणी सांगितलं नव्हतं का हो?"

त्या खोलीत सात-आठ माणसं होती. त्यांतल्या एकानं पेपरात आलेलं वाचलं होतं. तो म्हणाला, "सूचना दिली होती, काकू. रजिस्टरात आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "हो. दिली होती."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "असेच होते ते. मेले हट्टी."

त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या. इंदुरातच अन्नपूर्णा भागात कुसुमच्या घरी असायच्या. कुसुमचे यजमान बदलून इंदूरला आले होते. मी दसऱ्याला सोनं द्यायला जायचो. दर वेळी कुणीतरी नवीन माणूस असायचं आणि काकू माझी ओळख करून द्यायच्या: "हे मोघे. यांनी ह्यांना वाचवायची शर्थ केली हो. पण ह्यांनी ऐकलं नाही. माणसानं इतकं ताठ असू नये." नातवंडं हट्ट करायला लागली की त्यांना आजोबांचं उदाहरण द्यायच्या. घरात त्यांचा फोटो होता, पण हार मी कधी पाहिला नाही. मी चहा प्यायचो, वडी खायचो आणि उठायचो. आयुष्यभर ज्या माणसानं हुकमाबाहेर पाऊल टाकलं नाही, त्याला त्याच्याच घरात मी हुकूम मोडणारा करून ठेवलं होतं.

काकू गेल्या वर्षी गेल्या. तेव्हा मला धीर आला, ही माझी मर्दुमकी. हा मजकूर लिहून झाला आणि छापायला देण्याआधी कुसुमला वाचून दाखवावा म्हणून मी तिच्याकडे गेलो. तीही आता आजी झाली आहे. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदाच थांबवलं.

"बाबांनी विचारलं तेव्हा तुम्ही 'आहे' म्हणाला असता, तर ते निघाले असते?"

"लगेच. छत्री घेऊन."

मी कागद तिच्यापुढे केले. म्हटलं, तू नको म्हणालीस तर देत नाही छापायला.

"छापा की," ती म्हणाली. कागद तिनं हातात घेतले नाहीत. "पण काका, लिहिलं तर तुम्ही तेव्हाही होतं. पितृपक्षात बाबांची तिथी असते, सगळे जमतात. आईनं ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे. त्या दिवशी जेवायला या, आणि पानं वाढायच्या आधी उभं राहून तोंडानं सांगा."